व्यंगचित्रकार गेला की त्याची स्ट्रिप थांबवावी, की दुसऱ्या हाती द्यावी?

शाईचे हात (धागा सुरू करणारे)

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोजच्या पेपरातली कॉमिक स्ट्रिप ज्याच्या हातची, त्याच्याबरोबर ती संपावी. शिष्याने काढू नये, मुलाने काढू नये आणि आता कॉम्प्युटरनेही काढू नये.

विषय निघाला भाच्यामुळे. रविवारी तो ठाण्याहून जेवायला आला होता. त्याने मोबाइलवर चार चौकटी दाखवल्या. 'पीनट्स' या अमेरिकी स्ट्रिपमधला चार्ली ब्राऊन, त्याचा कुत्रा स्नूपी, सगळं हुबेहूब. "मामा, ओळखा, खरं की कॉम्प्युटरने केलेलं?" मी लगेच ओळखलं. चौकटींची मांडणी ती काढणाऱ्या चार्ल्स शुल्ट्झ यांच्या उतारवयातल्यासारखी होती आणि रेघ मात्र सुतासारखी सरळ.

मी मुंबईतल्या एका वृत्तपत्र समूहात प्रोसेस विभागात ३१ वर्षं होतो, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आमच्या इंग्रजी दैनिकासाठी परदेशी स्ट्रिप सिंडिकेटकडून, म्हणजे एकच स्ट्रिप अनेक पेपरांना विकणाऱ्या संस्थेकडून यायच्या, गुळगुळीत कागदावर आठवडाभराच्या एकत्र छापलेल्या. त्या कॅमेऱ्याखाली ठेवायच्या, हव्या त्या मापाचं ब्रोमाईड, म्हणजे फोटोच्या कागदावरची प्रत काढायची, कटरने कापायची आणि पेस्टिंगला, म्हणजे पानावर चिकटवायला द्यायची, एवढं आमचं काम. शुल्ट्झ यांची 'पीनट्स' पेस्टिंगवाल्यांची लाडकी होती. चारही चौकटी एकाच मापाच्या. जागा आडवी असेल तर आडवी लावा, कॉलमात उभी लावा, नाहीतर दोनावर दोन ठेवा. १९५० मध्ये सिंडिकेटने ती विकायला काढली तेव्हा हीच सोय पुढे केली होती. १९८८ मध्ये शुल्ट्झ यांनी चार चौकटींचा नियम सोडला, तेव्हा आमची पोरं हळहळली होती.

नव्वदीच्या सुरुवातीची एक रात्र. मी ब्रोमाईड धुऊन बाहेर काढलं आणि पाहतो तर रेघ हललेली. कुत्र्याच्या घराचं छप्पर, पोराचं ते गोल डोकं, अक्षरं, चौकटीची कडसुद्धा. खाली छपाईचं रोटरी यंत्र सुरू झालं की आमचा मजला थरथरायचा, म्हणून पहिला संशय कॅमेऱ्यावर. दुसरं ब्रोमाईड काढलं. तेच. तिसऱ्याची तयारी करतोय तोवर आमचे वरिष्ठ आले. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "कॅमेरा हलला की रेघ दुहेरी दिसते, कड पुसट होते. ही बघ, काळीकुळकुळीत आहे, कड पात्यासारखी आहे. कॅमेरा नाही रे, हात हललाय. म्हातारा झाला बिचारा."

त्या रात्रीपासून मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. जन्म १९२२, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा. वडील न्हावी. चार्ली ब्राऊनचे वडीलही न्हावीच दाखवलेत. चित्रकला शिकला तो टपालाने, पत्रद्वारा चालणाऱ्या शाळेतून, आणि पुढे त्याच शाळेत नोकरीला लागला. शाळेच्या वार्षिकांकाने त्याची चित्रं घेतली नव्हती. १९४३ मध्ये सैन्यात जायची वेळ आणि आई कॅन्सरने गेली, दोन्ही एकदम. 'पीनट्स' हे नाव त्याला जन्मभर आवडलं नाही, ते सिंडिकेटने लादलेलं. २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वर्तमानपत्रांत ती सुरू झाली आणि पुढे २,६०० वर पोहोचली. जवळजवळ पन्नास वर्षांत १७,८९७ स्ट्रिप. पेन्सिल त्याची, शाई त्याची, अक्षरंही त्याचीच. मदतनीस नाही. लांबलचक सुट्टी अशी एकच, १९९७ मध्ये पंच्याहत्तरीच्या सुमारास पाच आठवडे.

१९८१ मध्ये बायपास झाली. त्याच दशकात हात थरथरू लागला, कधी कधी तर मनगट धरून काढावं लागायचं. तरी पेन दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये आजारपणामुळे निवृत्ती जाहीर केली. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री तो गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या रविवारच्या पेपरांत त्याची शेवटची स्ट्रिप, वाचकांचा निरोप घेणारी, छापून आली. नवीन स्ट्रिप दुसऱ्या कुणी काढायची नाही ही त्याची इच्छा होती आणि ती पाळली गेली.

मला हे योग्य वाटतं. तुमचं काय मत? विरोधी मत असेल तर जरूर लिहा, मला ऐकायचंय.

खेतवाडीकर

शाईकाका, ब्रोमाईडचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. मत मात्र अजिबात पटलं नाही.

माझं बालपण इंद्रजाल कॉमिक्सवर गेलं. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये ती मुंबईतून सुरू केली आणि १९९० पर्यंत ती चालली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लायब्ररीवाला होता. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अंकांची रांग, पिना गंजलेल्या, कोपरे दुमडलेले. घरी न्यायचे पैसे नसले की तिथेच फळीवर बसून वाचायचं. त्यात राजा होता महाबली वेताळ.

आता हिशोब करा. वेताळाची स्ट्रिप ली फॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकी पेपरांत सुरू केली. चित्रं आधी रे मूर यांची, मग विल्सन मकॉय यांची, आणि १९६१ पासून १९९४ पर्यंत साय बॅरी यांची. आम्हा गिरगावातल्या पोरांच्या डोळ्यांत जो वेताळ बसलाय, ती रुंद छाती, तो जबडा, कवटीच्या आकाराची गुहा, तो साय बॅरींच्या हातचा. म्हणजे तिसऱ्या हाताचा! तुमचा नियम तेव्हा लावला असता तर माझं बालपणच झालं नसतं.

आणि वेताळाची गोष्ट तरी काय आहे? १५३६ पासून बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो. जंगलातल्या लोकांना वाटतं तो अमर आहे. आपण वाचतो तो एकविसावा. मुखवटा पुढच्याकडे देणं हाच ज्या गोष्टीचा गाभा, ती लेखकाबरोबर पुरायची? फॉक १९९९ मध्ये गेले, स्ट्रिप चालू राहिली, आणि मला ते गोष्टीच्या स्वभावाला धरूनच वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. इंद्रजालमधला बहादूर. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी तो निर्माण केला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची, पुढे लेखन जगजित उप्पल यांच्याकडे गेलं. केशरी कुर्ता आणि जीन्स घातलेला तो पोरगा लेखक बदलल्यावरही आमचाच राहिला.

गोरेगावकर

खेतवाडीकरांना अनुमोदन. 'ब्लाँडी' १९३० पासून आहे. चिक यंग १९७३ मध्ये गेले, मुलगा डीन यंग यांनी चालवली. 'हॅगर'ही डिक ब्राऊन यांच्यानंतर मुलानेच काढली. सकाळी अंधेरी सुटली की मी पेपर उलटा धरायचो, मागून पुढे. हॅगर आधी, अग्रलेख नंतर. बापाने काढलाय की लेकाने, मला कधी कळलंही नाही.

शाईचे हात

गोरेगावकर, तुम्हाला कळलं नाही, हीच तर माझी तक्रार. कळायला हवं होतं. गाणाऱ्याचा मुलगा गायला बसला तर आपण बापाच्या नावाने दाद देतो का?

खेतवाडीकर, तुमचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण वेताळ पहिल्यापासून दोघांचं काम होतं. लिहिणारा एक, काढणारा दुसरा. फॉक शेवटपर्यंत लिहीत राहिले, म्हणजे डोकं तेच होतं. शुल्ट्झ यांच्या बाबतीत डोकं आणि हात वेगळे काढताच येत नाहीत. चार्ली ब्राऊनचं तोंड म्हणजे एक वेडीवाकडी रेघ. ती केसभर खाली गेली की पोर रडवेलं दिसतं, वर गेली की हसरं. ते शिकवता येत नाही हो.

मधली_सुट्टी

मी कुर्ल्याला प्राथमिक शाळेत शिकवते. माझा दोघांनाही प्रश्न आहे, चिंटूचं काय?

चिंटू १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर, दोघांनी मिळून केलेला. वाडेकर गेल्यावर पंडितांनी तो पुढे नेला. शाईकाकांच्या नियमाने थांबायला हवा होता का? हात तर होता. मग अर्धा गेला म्हणून अर्धा थांबवायचा?

दुसरं, जास्त महत्त्वाचं. पात्र एकट्या हाताचं असतं हे मला मान्य नाही. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या एका शिक्षिकेने, हॅरिएट ग्लिकमन यांनी, शुल्ट्झना पत्र लिहिलं की तुमच्या मुलांच्या घोळक्यात एखादं कृष्णवर्णीय मूल का नाही? शुल्ट्झ आधी कचरले. आपण काढलेलं वरून उपकार केल्यासारखं दिसेल, अशी त्यांना भीती होती. पत्रं गेली-आली आणि ३१ जुलै १९६८ रोजी फ्रँकलिन आला, समुद्रकिनाऱ्यावर, चार्ली ब्राऊनचा वाहून गेलेला चेंडू परत देत. भाषण नाही, काही नाही. चेंडू दिला आणि दोघं वाळूचा किल्ला करायला बसले. हे मी चौथीच्या वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, मग फ्रँकलिन त्या बाईंचा पण ना?" मला त्याचं म्हणणं बरोबर वाटलं. वाचकाने पत्र लिहून एक मूल त्या गल्लीत आणलं, तर ती गल्ली बंद करताना वाचकाला विचारायला नको?

शाईचे हात

बाई, चिंटूबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. विचार करतो. पंडितांचा हात पहिल्या दिवसापासून त्यात होता, त्यामुळे तो त्यांचाच आहे, असं मन म्हणतं. पण मग वेताळाबाबत डोकं महत्त्वाचं आणि चिंटूबाबत हात, असं मी सोयीने बोलतोय असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे.

फ्रँकलिनचं मात्र उलट वाचतो मी. पत्र बाईंचं, पण तो चेंडू परत देण्याचा प्रसंग कुणी सुचवला नव्हता. ते त्या माणसाचं.

गोरेगावकर

एक वेगळाच प्रश्न. शुल्ट्झना पार्किन्सन होता ना? अशा माणसाकडून रोज काम करून घेणं बरोबर होतं का? कुणीतरी दुसरा नेमून त्यांना विश्रांती द्यायला हवी होती.

पार्ले पूर्व

पार्किन्सन नव्हता. तसा समज पसरला होता, पण त्यांना 'इसेन्शियल ट्रेमर' होता. फरक सांगते, कारण मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि रोज हे हात पाहते. पार्किन्सनमध्ये बहुतेक वेळा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना थरथरतो. इसेन्शियल ट्रेमरमध्ये काही करायला गेलं की थरथरतो. चमचा तोंडाशी नेताना, कुलपात किल्ली घालताना, सही करताना. म्हणजे चित्रकारासाठी सर्वांत वाईट. हात स्वस्थ असेल तेव्हा ठीक, पेन टेकवलं की सुरू.

म्हणूनच शाईकाका, रागावू नका, तुमचं लिखाण वाचून मला त्रास झाला. तुम्हाला त्या थरथरीत माणूस दिसतो. तुम्ही तो भिंगातून पाहिला, कागदावर, हजारो किलोमीटरवरून. माझ्याकडे येणारे आजोबा बशीत चहा सांडेल म्हणून लग्नाला जायचं टाळतात. एक निवृत्त ड्राफ्ट्समन येतात, त्यांनी पेन्सिली नातवाला देऊन टाकल्या. रेघ वाकडी येते ती त्यांना बघवत नाही. त्यांना "तुमची वाकडी रेघच सुंदर" असं मी सांगू शकत नाही, ते उठून जातील. थांबण्यातही मान असतो. मदतनीस घेण्यातही असतो. शेवटपर्यंत एकट्याने ओढलं तरच खरा कलाकार, हे आपण बाहेरून ठरवायचं नाही.

आर. के. लक्ष्मण यांचं पाहा. २००३ मध्ये पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. काढायचा हात वाचला म्हणून ते पुढेही काढू शकले. उजवी बाजू गेली असती तर? माणूस तोच, डोकं तेच. केवळ मेंदूतली रक्ताची गुठळी कुठल्या बाजूला अडकली यावर तुमचा नियम अवलंबून राहतो.

शाईचे हात

रागावलो नाही, ताई. दोनदा वाचलं तुमचं.

ड्राफ्ट्समनचं वाचून मला आमचे तेच वरिष्ठ आठवले. निवृत्तीनंतर त्यांनाही थरथर सुरू झाली. निगेटिव्हवरचे ठिपके शून्य नंबरच्या ब्रशने बुजवायचे ते, श्वास रोखून. शेवटी शेवटी त्यांनी मला ब्रश हातात घेऊन दाखवला आणि परत ठेवला. काही बोलले नाहीत. मी तेव्हा "सुंदर" म्हटलं नाही. म्हणूही शकलो नसतो.

तेव्हा एवढं मागे घेतो: शेवटपर्यंत काढलंच पाहिजे असं मी कुणाला म्हणणार नाही. थांबावंसं वाटलं तर थांबावं. बिल वॉटरसन यांनी 'कॅल्विन अँड हॉब्स' १९८५ ते १९९५ अशी दहाच वर्षं केली, हात धडधाकट असताना थांबवली, खेळणी-टीशर्ट काढायला कधी परवानगी दिली नाही. मला तेही तितकंच पटतं. माझा आग्रह एवढाच की, तो थांबला की दुसऱ्याने त्याच्या खुर्चीत बसू नये.

लक्ष्मण यांचा सामान्य माणूस १९५१ पासून टाइम्सच्या पहिल्या पानावर होता. ते चित्र एका चौकटीचं, स्ट्रिप नव्हे, तरी रोजचंच. धोतर, चौकटींचा कोट, टकलावरचे ते दोन झुपके. वरळी सी फेसवर त्याचा पुतळा आहे, मी संध्याकाळी जातो तिकडे. पुतळा ठीक आहे. पण दुसऱ्या कुणी रेखाटलेला तो मी जेव्हा पाहतो, तेव्हा धोतराच्या निऱ्यांपाशी डोळा अडकतो. लक्ष्मण ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत निऱ्या पाडायचे.

तिरपी रेघ

गेले दोन दिवस वाचतेय, आता राहवत नाही. मी व्यंगचित्रकार आहे, विरारला राहते. तुम्ही सगळे गेलेल्या माणसांच्या चौकटीबद्दल बोलताय. जिवंत माणसांच्या चौकटीबद्दल कुणी बोलेल का?

शाईकाका म्हणतात 'पीनट्स' २००० मध्ये थांबली. थांबली नाही हो ती. नवीन काढणं थांबलं. जुन्याच स्ट्रिप सिंडिकेट पुन्हा पुरवतं आणि आजही अनेक दैनिकं रोज छापतात. काका, ज्या जागेवर तुम्ही भक्तीने फूल वाहताय, ती पेपरातली जागा आहे, आणि ती अजून अडलेली आहे. वारसदाराने काढलेली 'ब्लाँडी' असो नाहीतर पुन्हा छापलेली 'पीनट्स', नव्या माणसाला दोन्ही सारख्याच.

हे का होतं ते सांगते. सिंडिकेट एकच स्ट्रिप शेकडो पेपरांना विकतं. प्रत्येक पेपरला ती स्वस्त पडते. माझी स्ट्रिप मी एकाच पेपरला देते, म्हणजे माझं घरभाडं, शाई, कागद, सगळं त्या एका पेपरकडून निघायला हवं. संपादकाच्या टेबलावर दोन बिलं शेजारी ठेवली की माझं महाग दिसतं. मराठीत तर सिंडिकेटसारखी पक्की व्यवस्था उभीच राहिली नाही. वसंत सरवट्यांसारखा माणूस एसीसी सिमेंटमध्ये इंजिनीअरची नोकरी करून चित्रं काढत होता. बाळासाहेब ठाकरे 'फ्री प्रेस जर्नल' या दैनिकातली व्यंगचित्रकाराची नोकरी सोडल्यावर १९६० मध्ये स्वतःचं 'मार्मिक' काढतात. व्यंगचित्रकाराला जागा हवी तर अख्खं साप्ताहिक काढावं लागतं, हे त्यातून कळतं.

मी १४ महिने एका दैनिकात रोजची स्ट्रिप केली, नाव सांगत नाही. लेडीज डब्यातल्या चार बायकांवर होती. त्यातली एक रोज गवार निवडते. विरारहून निघाली की शेंगा मोडायला घेते आणि अंधेरीला पिशवीची गाठ मारते. चौथ्या चौकटीत ती काहीतरी एक वाक्य बोलायची. ती वाक्यं मी खरी ऐकलेली होती, तिकिटाच्या मागे, बिलाच्या मागे लिहून ठेवलेली. आठवड्याला सहा. सकाळी कल्पना, दुपारी पेन्सिल, संध्याकाळी शाई, रात्री स्कॅन. ताप असो, सासूबाईंचं ऑपरेशन असो. शुल्ट्झ यांच्या १७,८९७ चा अर्थ मला त्या १४ महिन्यांत कळला. मी साडेतीनशेच्या आसपास केल्या आणि उजवा खांदा धरला.

मग एक दिवस फोन आला. पान बदलतंय, उद्यापासून नको. त्या जागी काय आलं? परदेशी स्ट्रिप, भाषांतर करून. त्यातला नवरा ऑफिसला उशीर झाला म्हणून धावतो. आमच्या बायका धावत नव्हत्या का?

तेव्हा माझं मत दोन्ही बाजूंच्या विरुद्ध. माणूस गेला की दुसऱ्या हाती देऊ नका आणि पुन्हा पुन्हाही छापू नका. पुस्तकं काढा, संग्रहालय करा. शुल्ट्झ यांचं आहेच कॅलिफोर्नियात सांता रोझाला. पेपरातली जागा मात्र रिकामी करा.

खेतवाडीकर

तिरपी रेघ ताई, गवारवाली बाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. माझी बायको ठाणे लाइनला तेच करते, मेथी घेऊन.

तरीही एक सांगतो. नव्याला जागा मिळावी यात वाद नाही. पण जुनं काढलं की नवं लागतं असा अनुभव नाही. जुनी स्ट्रिप काढतात तिथे बहुधा शब्दकोडं येतं, नाहीतर जाहिरात. वेताळ निदान पोरांना त्या पानापर्यंत आणत होता. पान जिवंत राहिलं तर तुमची स्ट्रिप लागेल. पानच गेलं तर?

तिरपी रेघ

हा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच जास्त लागतो. माझ्यानंतर ती परदेशी स्ट्रिप आली, तिच्यानंतर राशिभविष्य मोठं झालं.

मधली_सुट्टी

वर्गात मुलांना आपली आपली चार चौकटींची गोष्ट काढायला सांगते मी कधी कधी. चाळीसातली तीस मुलं डोरेमॉनच काढतात. ताई म्हणतात ते मला तिथे दिसतं. आणि खेतवाडीकर म्हणतात तेही, कारण डोरेमॉन नसता तर ती तीस मुलं कागद घेऊन बसलीच नसती. त्याचे मूळ चित्रकार फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले, हे त्या मुलांना ठाऊक नाही. उरलेल्या दहांतल्या एकीने मागच्या महिन्यात आपल्या आजीची गोष्ट काढली. आजी गॅस लावते, चौथ्या चौकटीत लाइट जातात. मी तो कागद ठेवलाय.

शाईचे हात

रात्री झोप लागली नाही, म्हणून पहाटे लिहितोय.

तिरपी रेघ, तुमच्या लिहिण्यात माझ्यावर आरोप नव्हता, पण मी तो घेतो. ३१ वर्षं मी परदेशी स्ट्रिप कापून पेस्टिंगला दिल्या. शेजारीच मराठी दैनिकाचं टेबल होतं. तिथे एक ट्रे होता, परत पाठवायच्या चित्रांचा. खाकी पाकिटं, आत पुठ्ठा घातलेला, चित्र दुमडू नये म्हणून, आणि परतीचं तिकीट लावून जोडलेलं दुसरं पाकीट. टपाल न्यायला शिपाई आला की ट्रे रिकामा व्हायचा आणि आठवड्याभरात पुन्हा भरायचा. त्यातलं एकही पाकीट मी कधी उघडून पाहिलं नाही. माझं काम नव्हतं ते, हे खरं. पण सातासमुद्रापलीकडच्या माणसाच्या रेघेला मी भिंग लावत होतो आणि हाताच्या अंतरावर हे होतं.

पुन्हा छापण्याबद्दल तुमचं म्हणणं मी मान्य करतो. पेपरात नको. पुस्तकात असावं.

कॉम्प्युटर आणि वारस यांच्याबाबत मी जिथे होतो तिथेच आहे. खेतवाडीकर, तुम्ही मला हलवू शकला नाहीत. पार्ले पूर्व ताई, तुम्ही थोडं हलवलंत.

आता एक विनंती. ती गवारवाली मला बघायचीय. मोबाइलवर फोटो नको, मूळ कागद दाखवाल का? शनिवारी मी दादरला येऊ शकतो, पश्चिमेला, फुलबाजाराच्या बाजूला. नव्वदीतलं ते वाया गेलेलं दुसरं ब्रोमाईड माझ्याकडे अजून आहे, पिवळं पडलंय, तेही आणतो.

तिरपी रेघ

येते. शनिवारी अकरा वाजता. साठ-सत्तर मूळ कागद आहेत, बाकीचे पावसात भिजले. काही काही ठिकाणी रेघ हललेली दिसेल तुम्हाला, ती वयामुळे नाही. नायगाव ते भाईंदर खाडीच्या पुलावर गाडी हलते आणि मी पेन्सिल डब्यातच करायचे.

भिंग आणा.

खेतवाडीकर

मीही येतो. वेताळाचे तीन अंक आहेत, साय बॅरींचे. काकांना दाखवायचेत.